गाडीला पीळ पडतो तेव्हा

गाडी वळते असं आपण सहज म्हणून जातो, पण ती एकदम वळत नाही, हप्त्याहप्त्याने वळते. स्टिअरिंग फिरतं, रॅक सरकतो, चाकं तिरपी होतात. तरी टायरचं रबर आधी स्वतः वाकतं आणि मगच गाडीला बाजूला ढकलू लागतं. तो जोर चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशांतून, म्हणजे सांध्यांतल्या रबरांतून, वर चढतो, बुश दबतात. मग स्प्रिंगा दबतात, शॉकअप त्यांना लगाम घालतात. आणि सगळ्यात शेवटी, ज्या लोखंडी सांगाड्याला हे सगळं बोल्टांनी जखडलेलं असतं आणि जो हलत नाही असं सगळे धरून चालतात, तोही पिळतो. मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. पण पिळतो.

म्हणजे चार चाकांच्या चार स्प्रिंगांखेरीज गाडीत एक पाचवी स्प्रिंग असते. चौघींना शॉकअप आहेत, या पाचवीला कोणी नाही. ती दबते, सुटते, परत थोडी दबते. तेवढ्या वेळात हाताला जे कळतं ते रस्त्याचं की गाडीचं, याचा पत्ता लागत नाही. माझ्या गाडीत हा घोळ फार होता.

गाडी जुनी आहे. दोन माणसांची, छप्पर उघडणारी. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक मायलेज विचारतात. ती घेतली तेव्हा घरच्यांनी सामान कुठे ठेवणार असं विचारलं होतं आणि त्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. पण रविवारी पहाटे फोंड्याहून निघून खांडेपार, उसगाव, होंडा करत केरीला पोचलं, अंजुणे धरण मागे पडलं आणि चोर्ल्याचा घाट सुरू झाला की सामानाची आठवण कोणाला होते! घाटाच्या मधल्या टप्प्यात उजवं वळण संपतं न संपतं तोच डावं सुरू होतं, आणि तिथे ही गाडी अडखळायची. घसरायची नाही, कलायचीही फारशी नाही. पुढचा भाग डावीकडे निघालेला असे आणि मागचा अजून उजव्या वळणाचा हिशोब मिटवत बसलेला असे.

दुसरा पुरावा रंबलरवर मिळे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, रस्त्यावर ओळीने मारलेल्या त्या जाड पांढऱ्या पट्ट्यांना आम्ही रंबलर म्हणतो. शाळा आली रंबलर, देऊळ आलं रंबलर, चर्च आलं रंबलर, आणि काही ठिकाणी काहीच न येता रंबलर. त्यावरून जाताना आतला आरसा असा थरथरे की मागच्या गाडीचा नंबर सोडा, ती गाडी आहे की ट्रक तेही दिसायचं नाही. उघड्या गाड्यांचा हा जुनाच आजार आहे. डॅशबोर्ड, काचेची चौकट आणि स्टिअरिंगचा दांडा असं सगळं मिळून हलतं.

याचं मूळ छपरात आहे, खरं तर छपराच्या नसण्यात. पत्र्याची नळी घ्या, पन्नास मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची. दोन्ही टोकं धरून पिळायला गेलात तर ती दाद देणार नाही. आता तिला लांबीच्या दिशेने एकच चीर द्या. पत्रा तेवढाच, वजनही तेच, पण पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा सुमारे १,९०० पटींनी घटतो. पदविकेच्या पुस्तकातलं साधं सूत्र आहे हे. त्रिज्येला जाडीने भागायचं, वर्ग करायचा, तिनाने गुणायचं. बंद छपराची मोटार ही जवळजवळ बंद पेटी असते. खांब, छप्पर, फरशी, पुढची-मागची काच असं सगळं मिळून ती पीळ सोसते. छप्पर कापलं की चीर पडली.

पूर्वी हा प्रश्न या रूपात नव्हता, कारण गाडीखाली शिडीसारखी वेगळी चासी असे आणि बॉडी नुसती वर बसवलेली असे. १९२२ साली लान्चियाने लाम्ब्दा आणली. तिच्यात बॉडीच भार वाहू लागली. तिथून पुढे बॉडी आणि चासी हळूहळू एक झाल्या. लोटसने पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी एलीटमध्ये अख्खी बॉडी फायबरग्लासची करून चासी टाकूनच दिली, पण एलीटला छप्पर होतं. १९६२ ची एलान उघडी निघाली, तेव्हा त्याच कंपनीला मधोमध पोलादी कणा घालावा लागला. गोव्यालाही या प्रकाराशी थोडं नातं सांगता येतं. सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लास बॉडीची, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन असलेली दोन माणसांची उघडी गाडी नव्वदीच्या अखेरीस इथेच गोव्यात बनायला लागली. आजच्या कॉलेजातल्या मुलांना सांगून पटत नाही.

तर माझ्या पाचव्या स्प्रिंगेचं काय करायचं, हे मला मोटारवाल्याने सांगितलं नाही. सांगितलं ते बार्ज बांधणाऱ्याने.

आमचे मेस्त, म्हणजे मिस्त्री, झुआरीकाठच्या एका यार्डात खनिजाच्या बार्जेस जोडत. उमेदीची वर्षं त्यातच गेली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बार्जेस नदीत नांगर टाकून उभ्या राहिल्या आणि गंजू लागल्या. मधे काही काळ काम परत सुरू झालं, २०१८ ला पुन्हा थांबलं. तोवर मेस्त गेटं, ग्रिलं, जिन्यांची रेलिंगं करू लागले होते. माझ्या दाराचं ग्रिलही त्यांचंच. लोखंडाची गोष्ट निघाली की त्यांना रेलिंगाचा कंटाळा आलाय हे लगेच कळतं.

गाडीचं छप्पर खाली होतं. मेस्तांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिका धांपण ना मरे!" म्हणजे हिला झाकणच नाही.

"नाहीच आहे. म्हणूनच पिळते."

"बाब, बार्जीचं पोटसुद्धा उघडंच असतं. वरून खनिज ओतायचं ना! मग लाटेवर ती पिळू नये म्हणून काय करायचो आम्ही? नुसता पत्रा जाड करून भागत नाही. कडेला आणि तळाला बंद टाक्या द्यायच्या. पेटी बंद पाहिजे."

मग ते उकिडवे बसले आणि दाराखालच्या सिलवर, म्हणजे पाय आत टाकताना ओलांडतो त्या जाड पट्टीवर, बोटाच्या पेराने टकटक करत पुढून मागे गेले. "ही तुमची टाकी. आधी ही धड आहे का बघा. ही सडली असेल तर वर काय बांधताय?"

इथे मला लोटस एलिस आठवली. १९९६ ची ही गाडी ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकाने, म्हणजे एपॉक्सीने, जोडून केलेली. चासीचं वजन फक्त ६८ किलो. तिच्यात बसताना माणसाची त्रेधा उडते, कारण दाराखालची सिल उंच आणि रुंद आहे. लोक त्या सिलला नावं ठेवतात. पण छप्पर नसताना गाडीचा कणा तिथेच आहे, मेस्तांच्या भाषेत तिथेच टाकी आहे.

आमच्या सिलच्या खालची पाणी जायची भोकं तांबड्या मातीने बुजलेली निघाली. गोव्याचा पाऊस, वर खारी हवा, आणि ही माती. पाणी आत साठलं की गंज आतून बाहेर येतो, रंगावर फुगवटा दिसतो तेव्हा आतलं काम संपलेलं असतं. सुदैवाने पत्रा शाबूत होता. भोकं मोकळी केली, आत मेणासारखं गंजरोधक फवारलं. जुन्या गाडीला सांगाडा ताठ करणारा बार लावायचा म्हणणाऱ्याने खरं तर हे आधी करावं, आणि यात मिरवण्यासारखं काही नसल्यामुळे ते कोणी करत नाही.

मिरवायला असतो तो पुढचा बार. बॉनेट उघडलं की दोन शॉकअप टॉवरांच्या, म्हणजे शॉकअपची वरची टोकं जिथे बसतात त्या उंचवट्यांच्या, मध्ये आडवा, लाल नाहीतर निळा, पॉलिश केलेला. याचा इतिहास मात्र मिरवण्याचा नाही. साठीच्या दशकात फोर्डच्या मस्टँगला पुढचे टॉवर मागच्या पडद्याला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, जोडणारी साधीशी पट्टी असायची. पण परदेशी, खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांना त्याऐवजी एकसंध, भक्कम त्रिकोणी ब्रेस, म्हणजे आधारपट्टी, दिली जाई. तिचं नावच एक्स्पोर्ट ब्रेस. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये ती ब्रेस आणि टॉवरांमधला आडवा बार, ज्याला माँटे कार्लो बार म्हणतात, दोन्ही होते. शर्यतीच्या गाडीची शान म्हणून आज विकली जाणारी ही वस्तू निम्मी तरी खड्ड्यांसाठी जन्माला आली, हे वाचल्यावर मला घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

त्रिकोणी हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. चवथीला गणपतीच्या वर फळं टांगायची असतात त्या माटोळीची चौकट बांधताना चार पट्ट्या नुसत्या टोकांना जोडल्या तर चौकट एका अंगाला कलते. तिरपी एक पट्टी मारली की मग नारळ, तोरिंगणं काहीही टांगा, ती आकार सोडत नाही. गाडीखालची एक्स आकाराची ब्रेस हेच करते. दोन टॉवरांमधला नुसता आडवा बार हे करत नाही. तो फक्त टॉवर एकमेकांजवळ यायचे किंवा लांब जायचे ते थांबवतो. बार मागे पडद्यालाही जोडलेला असेल तर त्याला थोडा त्रिकोण मिळतो.

आता त्या आडव्या बारचा उपयोग किती, हे सस्पेन्शनवर ठरतं. मॅकफर्सन प्रकारात शॉकअपच चाकाला वरून धरून ठेवतो, त्यामुळे वळणावरचा आडवा जोर टॉवरच्या माथ्याला लागतो. तिथे बाराला काम आहे. डबल विशबोनमध्ये तो जोर मुख्यतः खालच्या-वरच्या आर्म घेतात, टॉवरवर येतो तो स्प्रिंगेचा उभा भार. तिथे बार बराचसा शोभेचा. माझ्या गाडीला पुढे डबल विशबोन आहे. बार तरीही होता, आधीच्या मालकाने लावलेला. ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे आणि मधे इंजिनाला चुकवण्यासाठी बाक दिलेला. ॲल्युमिनियम पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचं असतं आणि ताठही एकतृतीयांशच असतं, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या नळीत वजन वाचलं तेवढा ताठपणाही गेला. शिवाय बाक दिलेल्या दांड्यावर दाब आला की तो आधी बाकातच वाकणार. मेस्तांनी त्याच्याकडे पाहिलं, अंगठ्याने एक टोक चाचपलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला पुरेसं होतं.

खालची ब्रेस त्यांनीच केली. पोलादी चौकोनी पाइप, कोपऱ्यांना गसेट, म्हणजे त्रिकोणी पट्टे. त्यांना ती गाडीला वेल्ड करायची होती. मला बोल्टांनीच हवी होती, काढता आली पाहिजे म्हणून. यावर आमची थोडी हमरीतुमरी झाली. बोल्टाच्या भोकात जरा जरी फट राहिली तर तेवढं सरकणारच, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. शेवटी भोकं तंतोतंत पाडायची आणि बोल्ट नीट ताणायचे असं ठरलं, म्हणजे फटीचा प्रश्न घर्षणाने सुटतो. ब्रेस बसवताना गाडी जॅकवर लटकलेली नको, चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी हवी. लटकलेली गाडी आधीच थोडी वाकलेली असते, त्या अवस्थेत बोल्ट कसले की तुम्ही वाकडेपणच पक्कं करता. हे सांगायची मला गरज पडली नाही. बार्जसुद्धा ठोकळे सारखे करूनच जोडतात, म्हणाले.

जागेचा हिशोब मात्र मला करावा लागला. खाली लावलेली ब्रेस जितकी उतरेल तितकी रस्त्याच्या जवळ जाते, आणि आमच्याकडचे काही गतिरोधक मापाने नव्हे, रागाने बांधलेले असतात. म्हणून ब्रेस सायलेन्सरच्या नळीच्या पातळीवर ठेवली. त्यामुळे त्रिकोण हवे होते त्यापेक्षा चपटे झाले. ताठपणा थोडा गेला, गाडी वाचली. पाइपांची टोकं बंद केली, सगळ्यात खाली एकेक बारीक भोक ठेवलं, सगळ्याला गॅल्व्हनायझिंग केलं. समुद्रापासून थोडं आत असलो तरी फोंड्यात खारेपणा पोचतोच. जुन्या बाराच्या ॲल्युमिनियमच्या ताटलीखाली, जिथे ती पोलादी टॉवरला टेकत होती, पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल आली की त्यांची छोटी बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मुंबई-गोव्यात ॲल्युमिनियमचा बार लावणाऱ्यांनी मधे रबराची नाहीतर नायलॉनची पातळ चकती घालावी, असं सुचवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. मऊ चकती घातली तर ताठ बार कशाला लावला? जाड रंगाचा थर पुरतो, आणि वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर बार उघडून पाहणं.

फरक पडला का? आरशात पडला. त्याच रंबलरवर, त्याच वेगाने जाताना मागच्या गाडीचा नंबर आता वाचता येतो. घाटात उजव्यानंतरचं डावं वळण घेताना मागचा भाग लवकर येतो. गाडी जास्त वेगाने वळते का? नाही, आणि वळायची अपेक्षाही नव्हती. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकणार हे गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळण्याचा जोर यांवर ठरतं. सांगाडा लोण्याचा असो की वज्राचा, ती बेरीज तीच राहते. सांगाड्याने बदलते ती वाटणी, त्यातला पुढच्या चाकांचा वाटा किती आणि मागच्यांचा किती ही. जाड अँटीरोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा दांडा, पुढे लावून वाटणी बदलायची म्हटलं तर मधला सांगाडा तो निरोप मागे पोचवण्याइतका ताठ असावा लागतो, नाहीतर निरोप वाटेतच जिरतो. शर्यतवाले ताठ चासीच्या मागे का लागतात त्याचं उत्तर इथे आहे. टायरची पकड त्याने वाढत नाही. पकड टायरमध्येच असते आणि हवेच्या दाबात.

पण मला जाणवलं त्यावर माझाच पूर्ण विश्वास नव्हता. पैसे खर्च केलेल्या माणसाला फरक जाणवतोच. म्हणून भाच्याला कामाला लावलं. त्याने नाणं उडवायचं, छापा आला तर पुढचा जुना बार लावायचा, काटा आला तर काढायचा, बॉनेट बंद करायचं आणि मला सांगायचं नाही. मी एक फेरी मारून यायचं आणि ओळखायचं. असं पुष्कळदा केलं. माझे अंदाज नाण्याइतकेच बरोबर आले. एकदा तर बार नसताना मी "आता कशी ठाम वाटते!" असं म्हणालो आणि तो दिवसभर हसत होता. खालच्या ब्रेसची अशी परीक्षा घेता आली नाही, ती काढाघालायला मेस्त लागतात. पण तिच्या बाजूने आरसा साक्ष देतो, आणि आरशाने काही पैसे खर्च केलेले नाहीत.

तोटेही आहेत. खालून येणारा आवाज वाढला. खडबडीत डांबरावर आता गुरगुर ऐकू येते, कारण पूर्वी जी थरथर सांगाड्यात मुरायची ती सरळ आत येते. जपानमध्ये यामाहाने यावर वेगळा तोडगा काढलाय, परफॉर्मन्स डॅम्पर नावाचा. दिसायला टॉवरांमधल्या आडव्या बारासारखाच, पण आत शॉकअपसारखी रचना. तो सांगाडा नुसता ताठ करत नाही, त्याच्या हालचालीला लगाम घालतो. लेक्ससच्या काही गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. म्हणजे पाचव्या स्प्रिंगेला कोणीतरी शेवटी शॉकअप दिला. मला तो हवा आहे, पण त्यासाठी खर्च करण्याआधी मागचे बुश बदलायचे आहेत. उन्हाने आणि वयाने त्यांना भेगा पडल्यात. तडकलेला बुश अर्धा इंच हलत असताना मिलिमीटरभर पिळणाऱ्या पत्र्याची चिंता करणं म्हणजे गंमतच.

अपघाताचाही विचार करावा. टॉवरांमधला बार एका बाजूचा मार दुसऱ्या बाजूच्या टॉवरपर्यंत नेऊ शकतो. एक फेंडर चेपण्यावर भागलं असतं तिथे दोन्हीकडचं अलाइनमेंट जातं. आणि कायदा: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. बोल्टाने लावलेली ब्रेस आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही असं माझं मत आहे, पण माझं मत आरटीओला बांधील नाही. म्हणूनच वेल्डिंग नको म्हणालो होतो, आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं.

ब्रेसची बातमी गल्लीत फिरली. शेजारचा मुलगा त्याच्या हॅचबॅकसाठी कुठला बार घ्यावा ते विचारायला आला. त्याची गाडी मॅकफर्सनवाली, म्हणजे बाराला थोडं तरी काम होतं. मी आधी टायर दाखव म्हटलं. पुढचे टायर कडेने गुळगुळीत झाले होते. नवीन टायर घाल, अलाइनमेंट कर, उरले तर बार घे, असं सांगितलं. तो हो म्हणून गेला आणि पुढच्या आठवड्यात लाल बार लावून आला. बॉनेट उघडून दाखवलं. दिसतो मात्र झकास. टायर चवथीच्या बोनसवर घेणार आहे म्हणाला.